नायगावच्या वाटेकडे पाहणारी घोडी

मी काही हाडाचा स्वार नव्हे. नांदेडच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होतो. आठवडाभर उर्दूत अर्जांच्या नकला करायच्या आणि जुम्म्याची सुट्टी आली की आगगाडीनं मुदखेडला उतरून गावी घोड्यावर बसायचं, असा माझा संसार. पोलिसांतले आणि रिसाल्यातले स्वार आमच्यासारख्यांना 'शौकीन' म्हणत. त्या शब्दात कौतुक किती आणि कुचेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण नेजाबाजीचं खूळ डोक्यातून जात नव्हतं. जमिनीत ठोकलेली लाकडी मेख भरधाव घोड्यावरून वाकून भाल्याच्या टोकानं उचलायची, एवढाच तो खेळ. मेख भाल्यावर चढली की खांद्याला जो हिसका बसतो, त्याच्यापुढं साहेबाची शाबासकीसुद्धा मला फिकी वाटायची.

आमचा जुना घोडा म्हातारा होऊन मेला तेव्हा मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं भुणभुण लावली आणि आम्ही माळेगावच्या जत्रेत गेलो. तिथं एका उदगीरकडच्या माणसाजवळ ही कुमैत घोडी होती. तांबूस अंग, काळी आयाळ, पाय असे की पाहत राहावं. आबा जुन्या वळणाचे. त्यांनी आधी भोवरे तपासले. डोळ्याखाली केसांचा भोवरा असला की त्याला आसूढाळ म्हणतात, तसली घोडी धन्याला रडवते. आबांनी दोन्ही डोळ्यांखाली बोट फिरवून पाहिलं, मलाही पाहायला लावलं. भोवरा नव्हता. सौदा झाला. कासरा हातात देताना तो माणूस अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत एवढंच म्हणाला, "हिच्याशी बोलत राहा. उगी गप बसू नका." घोडीवर जीव असेल बिचाऱ्याचा, असं आम्ही धरून चाललो.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. माझी थोरली बहीण त्याच्या आदल्या वैशाखात विधवा झाली होती. ती माहेरी आली होती आणि दाजी तिला न्यायला नायगावकडून घोड्यावर येत होते. नदी ओलांडून आमच्या शिवारात आले, घर नजरेच्या टप्प्यात आलं. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला हात हात भेगा पडतात. तसल्या एका भेगेत घोड्याचा पाय गेला आणि दाजी मानेवर पडले. दिवेलागणीची वेळ होती. अक्का गाठोडं बांधून अंगणात उभी होती. ती नंतर नेहमी सांगायची, "टापा ऐकू आल्या रे मला. चांगल्या जवळ आल्या. आन् मग थांबल्या." दाजी घोड्याला पाणी पाजत असतील असं समजून ती तशीच उभी राहिली. शेवटी कुणाच्यातरी बैलगाडीतून ते आले.

घोडी आणली त्याच दिवशी तिला गोठ्याबाहेर चिंचेखाली बांधलं. दिवे लावायची वेळ झाली आणि तिनं वैरणीतून तोंड वर काढलं. दोन्ही कान टवकारले आणि नायगावच्या वाटेकडं तोंड करून ती उभी राहिली. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मग ती घशातल्या घशात हलकं खिंकाळली, ओळखीचं जनावर येताना दिसलं की घोडं खिंकाळतं तसं. आमचा सालगडी हातातली पेंढी तशीच धरून म्हणाला, "मालक, हिला कायतरी दिसून राहिलंय. घोड्याला दिसतं म्हंत्यात." आबा त्याच्यावर खेकसले. मी हसलो. मागं वळून पाहिलं तर अक्का दारात उभी होती आणि ती हसत नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्याही. मग अक्का रोज त्या वेळेला घोडीजवळ येऊन उभी राहू लागली. आधी तिच्या बाजूला, पुढं पुढं तर घोडी जिकडं तोंड करी तिथं वाटेच्या कडेलाच जाऊन उभी राहायची. ओठ हलत असायचे. दाजी गेल्यापासून जेवणाला बोलवावं लागणारी माझी बहीण आता चार घास जास्त खात होती. आईला त्यात बरंच वाटलं. मला मात्र कसंसंच होई. अक्का एकदा मला म्हणाली, "हिचे डोळे पाह्यलेस? आत निळं निळं हाय. असले डोळे माणसाला नसतेत." मी पाहिले. खरंच एका डोळ्यात फिकट निळसर झाक होती, आणि ती मला सुंदर वाटली.

शिवरात्रीला लातूरच्या जत्रेत घोड्यांचे खेळ होते. मी घोडी नेली. तिथं तिनं जी दौड केली ती मी जन्मात विसरणार नाही. सुतासारखी सरळ रेषा, पाठ अशी स्थिर की वर बसून तांदूळ निवडावेत. मी दर खेपेला मेख उचलली. रिसाल्यातला एक जाडा जमादार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा शौकीन, घोडी कहाँ से लाये?" पंचांनी मला जरीकाठी सेला दिला आणि मी तो गावापर्यंत खांद्यावरून उतरवला नाही. माझ्याइतका शहाणा माणूस त्या आठवड्यात निजामाच्या राज्यात दुसरा नसेल.

होळीनंतर नांदेडच्या मैदानात जिल्ह्याचे खेळ झाले. कचेरीतली सगळी मंडळी पाहायला आलेली. मी आदल्या दिवशी बढाई मारून ठेवली होती, "घोडामैदान जवळच आहे, बघालच." आणि मैदानाच्या मध्यावर घोडी थांबली. अडखळली नाही, बुजली नाही; चारी पाय रोवून उभी राहिली आणि कान टवकारले. मी तिच्या मानेवरून पुढं गेलो. धुळीत पडल्या पडल्या मी पाहिलं. तिच्यासमोर मोकळं मैदान होतं, बाकी काही नाही. लोक हसत होते. घोडी थरथरत होती. मला लाज वाटायच्या आधी भीती वाटली, कारण तिचं तोंड नदीपलीकडं, नायगावकडं होतं.

पुढचे महिने असेच गेले. कधी ती शहाण्यासारखी पळे, कधी ओढ्याच्या काठाशी अडून बसे आणि चाबकानंही हलत नसे. वाटेत ठेच लागली की सालगडी म्हणे, "काय तरी आडवं गेलं." खांबाला घासली तर म्हणे, "बाजूला सरली, कुणाला तरी वाट दिली." हळूहळू आबासुद्धा तसंच बोलू लागले आणि मीही. कचेरीत चार बुकं वाचलेला मी, पण संध्याकाळी त्या चिंचेखाली गेलं की माझ्या अंगावर काटा यायचा. दोघी तशा उभ्या असायच्या, घोडी आणि अक्का, एकाच दिशेला तोंड करून. बोलावलं तर दोघींचेही कान जागचे हलायचे नाहीत.

दसऱ्याला आबांनी निर्णय सांगितला. घरात विधवा पोर, त्यात असलं जनावर. माळेगावच्या जत्रेत घोडी विकायची. अक्कानं आबांच्या पुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ती चुलीपुढून उठून ओसरीवर आली आणि त्यांचे पाय धरले. "तिला नका घालवू. मला दुसरं काय हाय?" आबा विरघळले, पण उघड तसं कसं दाखवणार? ते माझ्याकडं पाहून म्हणाले, "दिवाळीनंतर नांदेडात पुन्हा खेळ हाईत. हिनं मेख उचलून दावली तर राहील. न्हाई तर माळेगाव." मग माझ्या घोड्याच्या हौसेवर माझ्या बहिणीचा जीव टांगला गेला. निघायच्या सकाळी अक्का गोठ्यात आली. घोडीच्या मानेवरून हात फिरवत मला म्हणाली, "तिच्याशी बोलत राहा. लगाम सरळ धर. ती सोडणार न्हाई तुला."

मैदानावर मी बोलत राहिलो. काय बोललो देव जाणे. पाढे म्हटले, आईची अंगाई म्हटली. घोडी माझ्या आवाजावर कान मागं वळवून धावली आणि तिच्या धावण्यात लातूरची ती सरळ रेषा होती. मेख जवळ आली, मी वाकलो, आणि खांद्याला तो हिसका बसला. लोकांनी ओरडा केला. त्या गडबडीत मी बोलायचा थांबलो.

घोडी थांबली नाही. मैदान संपलं, दोरी आली, दोरीमागं दगडी बांध होता. माणसं बाजूला पळाली. मी लगाम ओढून ओढून हाताची साल काढली. दोरी तिच्या छातीला लागली, खुंट उपटले आणि बांधापासून हातभर अंतरावर ती उभी राहिली. तिनं बांध टाळला नव्हता, तिला दोरीनं अडवलं होतं. मी उतरलो. डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसताना त्याचं टोक तिच्या डोळ्यासमोरून झर्रकन गेलं. पापणी हलली नाही. मी पुन्हा रुमाल नेला, अगदी बुबुळाजवळ. घोडी शांत उभी होती, माझ्या श्वासाकडं कान लावून.

डोळ्याखालचा भोवरा आम्ही बापलेकानं बोट फिरवून तपासला होता. डोळा तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं; ती निळी झाक मला नुसती सुंदर वाटली होती. नजर येत-जात ती आंधळी होत गेली असणार. लातुरात दिसत होतं, नांदेडात दिसेनासं झालं, आणि आता दोन्ही डोळे गेले होते. ज्याला आम्ही वर्षभर 'तिला दिसतं' म्हणत होतो, ते तिला न दिसणं होतं. त्या उदगीरच्या माणसाचा मला राग आला, स्वतःच्या अकलेचा त्याहून जास्त. पण खरं सांगू? मला सुटल्यासारखंही वाटलं. भूत नव्हतं. काहीच नव्हतं. घोडीला हातानं धरून चालत चालत मी दुसऱ्या दिवशी गावी आलो, आणि वाटभर एकच विचार होता, की हे अक्काला सांगायचं कसं.

आबा खूश होते. त्यांनी शब्द पाळला, घोडी राहिली. ते ओसरीवर गेल्यावर मी अक्काला चिंचेखाली गाठलं.

"अक्का, तिला काही दिसत नाही. आंधळी आहे ती."

अक्का वैरण टाकत होती. तिचा हात थांबला नाही. "हाव. मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. आईनं बैलांसंगं हिलाबी ओवाळलं. मला कुठं मुभा हाय ओवाळायला? मी मागं उभी व्हते. आईनं ज्योत पार डोळ्यापुढं फिरवली. पापणीबी लवली न्हाई."

मला तिचं बोलणं समजायला वेळ लागला. पोळा म्हणजे श्रावण. त्यानंतर मी त्या घोडीवर कितीदा तरी बसलो होतो. चिखलाच्या रानातून पळवली होती. आणि काल, भाला हातात घेऊन. "अक्का," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, "मी पडलो असतो! दाजींसारखा मेलो असतो. तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर आबानं तिला ठिवलं असतं?"

"पण तिला काही दिसतच नाही ना! मग तू कुणापाशी उभी राहतेस रोज?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मायेनं पाहिलं, तेच मला सहन झालं नाही. "डोळे असलेल्या घोडीला चिंच दिसती, बैल दिसत्यात, तू-मी दिसतो," ती म्हणाली. "हिला आपल्यातलं कायबी दिसत न्हाई. तरी त्या येळेला ती मान वर करती." मग थोडं थांबून, जसं काही माझी समजूत काढत असावी तसं म्हणाली, "आन् तू पडला असतास, तर तुझ्याकडंबी पाह्यलं असतं तिनं. मी तुझ्याबी वाटेवर उभी राह्यले असते."

तिच्या तोंडावर जराही दुष्टावा नव्हता. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली माझी बहीण होती ती. मी आजवर घोड्यांना भ्यालो, नदीला भ्यालो, साहेबालाही भ्यालो. पण त्या दिवशी जितका भ्यालो तितका कशालाच नाही.

मी आबांना काही सांगितलं नाही. तो भाला माळ्यावर टाकला आणि घोड्यावर बसणं सोडलं. कामाचा ताण आहे, असं सांगत गेलो. जुम्म्याला घरी जायचो, पण मुदखेडहून चालत, आणि दिवेलागणीच्या आत पोचेन असं पाहून.

एकदा गाडी उशिरा आली. ओढा भरला होता म्हणून मला वळसा घालून नायगावच्या वाटेनं यावं लागलं. चिंच दिसू लागली तेव्हा दिवे लागत होते. घोडीनं मान वर केली, कान टवकारले आणि ती तसंच हलकं खिंकाळली. माझ्या पावलांचा आवाज तिला लागला असणार, मी स्वतःला सांगितलं. पण मी जवळ गेलो, तिच्या अगदी पुढ्यात आलो, तरी तिचे कान माझ्याकडं वळले नाहीत. ते माझ्या मागच्या वाटेवर होते. मी वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात अक्का घरातून धावत आली. पदर सावरला होता, केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला होता. दाजी गेल्यानंतर मी तिचा चेहरा असा उजळलेला कधी पाहिला नव्हता. अंगणाच्या मधोमध ती थांबली आणि तिनं मला ओळखलं.

"तू व्हय," ती म्हणाली, आणि माझ्या पायावर घालायला पाणी आणायला आत गेली.