शालूबाईंनी पुरलेली पट्टी

घोरावाडी स्टेशनमागच्या शेडमध्ये भाताच्या पेंढ्यापासून रोपांचे ट्रे बनतात. पेंढा उकळून, धुऊन त्याचे धागे काढायचे, मक्याच्या खळीत कालवायचे आणि गरम साच्यात दाबायचे. रोपासकट पुरलेला ट्रे मातीत विरून जातो. शेडची मालकीण तेजल इंजिनिअर, पण पेंढ्याची पारख शालूबाईंची. यंत्रावर मळलेला पेंढा त्या लांबूनच नाकारतात. "चेचलाय ह्यो. ट्रे मोडंल. हातानं झोडलेला आणा," म्हणतात, आणि तेजल मुकाट्याने गाडी परत पाठवते.

पारख असणारच, जन्म भातात गेला. शिरगावकडचं त्यांचं दीड एकर चार वर्षांपूर्वी मुलाने विकलं आणि तळेगावात फ्लॅट घेतला. फ्लॅट हवेशीर, सून गुणाची. तक्रारीला जागाच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेताला आता फाटक आहे. एकदा तिथवर गेल्या, तर वॉचमनने विचारलं, "कोण पाहिजे?" त्यांना शेत पाहिजे होतं.

मग यंदा ट्रे किती दिवसांत विरतो याची चाचणी निघाली. त्यासाठी भातखाचराची माती हवी होती.

"वळखीचं हाय एक खाचर," शालूबाई घाईने म्हणाल्या.

तेजलने त्या विकलेल्या शेताच्या नव्या मालकाला फोन केला. तो भला माणूस. म्हणाला, पट्टी विरेपर्यंत बाईंना येऊ दे, नंतर मला तिथे लॉन करायचंय.

जाळीच्या पिशवीत घालून ट्रेची एक पट्टी पुरली. दर महिन्याला उकरून वजन करायचं. वजनाला पाच मिनिटं पुरत, शालूबाईंना अख्खी दुपार लागे. चपला काढून त्या बांधावर बसत आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबायचं ते आठवत.

दुसऱ्या महिन्यात पट्टी निम्मी झाली. तेजल खूश, शालूबाई उरलेल्या फेऱ्या बोटांवर मोजू लागल्या. आपण निवडलेला एवढा चिवट पेंढा, आणि असा कसा हरला? तिसऱ्या महिन्यात उरले चार धागे. त्या दिवशी त्यांनी पिशवी गुपचूप कोरड्या जागी पुरली, तिथे धागे उशिरा विरतील म्हणून. ही लबाडी होती, आणि ते त्यांना कळत होतं.

तरी चौथ्या महिन्यात पिशवीत नुसती माती निघाली. त्यांनी ती बोटांनी दोनदा चाळली. तेवढ्यात तेजलचा फोन आला.

"मावशी, काही उरलंय?"

"न्हाई. समदं गेलं."

"म्हणजे पास झालो आपण!"

शालूबाईंनी पिशवीतली माती परत खाचरात ओतली.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "पुढली पट्टी जरा जाड करा की."