सबनीस सरांचं मूल्यमापन

सबनीस सर कुणाशीही बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला त्याच्याकडे आकडा मागायचे. "एक ते पाचमध्ये सांगा," असं म्हणून ते टॅबवर बोट धरून थांबत. आमच्या कॉलेजात आले त्या पहिल्या दिवशी कॅन्टीनच्या शेवंताबाईंनी चहा पुढे ठेवला, तर त्यांनाही विचारलं, "इथल्या वातावरणाबद्दल किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा." शेवंताबाई घाबरून म्हणाल्या, "साखर कमी पडली का सर?" सरांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं असेल याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. आता करत नाही.

मी वकील. भिवंडीच्या कोर्टात प्रॅक्टिस करते आणि इथल्या विधी महाविद्यालयात आठवड्यातून तीन दिवस शिकवते. कॉलेजचा एक उपक्रम माझ्याकडे होता. कायद्याच्या मुलामुलींनी रविवारी लूमच्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत आणि डोंगरातल्या पाड्यांवर जायचं आणि घरचं माणूस पोलिसांनी उचललं तर काय करायचं ते लोकांना शिकवायचं. कुठल्या ठाण्यात नेलं ते विचारा, अटकेचं कारण लेखी मागा, चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, वकील फुकट मिळतो. गरीब माणूस नुसत्या अज्ञानापायी तुरुंगात सडू नये, एवढाच हेतू. बाहेरची एक संस्था आम्हाला मदत करायची. तिसऱ्या वर्षी तिने उपक्रम तपासायला सबनीस सरांना पाठवलं. मदत चालू राहणार की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं.

माणूस दिसायला रुबाबदार. पांढरे केस, खादीचा कुर्ता, आवाज रेडिओवरच्यासारखा. फौजदारी न्यायव्यवस्थेवर दीड तास बोलायचे, आणि त्या दीड तासात एकाही कैद्याचं नाव यायचं नाही. "भावना बाजूला ठेवा मॅडम, निष्कर्ष महत्त्वाचा," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं म्हणजे, "हे अहवालात बसत नाही." या दोन वाक्यांवर त्यांनी तीन दिवस काढले.

पहिल्या दिवशी त्यांनी लूमवाल्यांना कॉलेजात बोलावून घेतलं. वस्तीत धूळ फार, म्हणून. सलीमभाई नावाचे कारागीर शिफ्ट सोडून आले होते. चोरीच्या संशयावरून त्यांच्या भावाला पकडलं होतं आणि आमच्या मुलांमुळे त्याला वेळेत वकील मिळाला होता. सांगायला त्यांच्याकडे खूप होतं. सरांनी दुसऱ्याच वाक्याला आकडा मागितला. सलीमभाई म्हणाले, "साहब, ड्युटी छोड़के आया हूँ. बात सुनोगे या नंबर लिखोगे?"

"चार लिहू की पाच?" सरांनी मला विचारलं.

दुसरा दिवस तुरुंगाचा होता. आमची मुलं तिथेही जाऊन खटला सुरू न झालेल्या कैद्यांशी बोलत. मी महिनाभर खपून परवानगी काढली होती. गेटवर मोबाइल आणि टॅब जमा करायला सांगितल्यावर सर म्हणाले, "साधनांशिवाय मी काम करू शकत नाही." आणि गाडीत जाऊन बसले. मी आत गेले. अहवालात मात्र 'तुरुंगास भेट दिली' असं आलं. गेटपर्यंत गेले होते, म्हणजे तसं खोटंही नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही अकलोलीच्या पलीकडच्या एका पाड्यावर निघालो. वाटेत सरांना गरम पाण्याच्या कुंडांची पाटी दिसली. म्हणाले, "माझ्या गुडघ्यांना हे पाणी फार मानवतं. तुम्ही सुरू करा, मी आलोच." आणि टॉवेल काढला. टॉवेल त्यांनी घरूनच आणला होता!

पाड्यावर जानी सकाळपासून आमची वाट बघत बसली होती. तिशीची बाई, हाडकुळी, नजर सरळ. गड्यांबरोबर भाताच्या कापणीला जायची, तो दिवस तिने मोडला होता. तिचा नवरा किसन भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात हमाली करायचा. माल कमी भरला म्हणून पोलिसांनी तिघांना उचललं, त्यात तो होता. जानीने आमच्या मुलींनी शिकवलेलं तोंडपाठ केलेलं होतं. एकटी ठाण्यात गेली आणि अटकेचं कारण लेखी मागितलं. हवालदार हसला, पण दुसऱ्या दिवशी किसन कोर्टापुढे उभा राहिला. फुकटचा वकील मिळाला. जामीनही झाला.

"मग किसन कुठाय?" मी विचारलं.

"आतच हाय की."

"जामीन होऊन?"

"चार म्हैने झालं. कोर्ट म्हनतं जामीनदार आन. सातबारा आसलेला मानूस पायजे. आमच्या पाड्यात कोनाचा सातबारा हाय? वकील म्हनला, मानूस आन, मंग ये." मग माझ्याकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्या पोरींनी कोर्टाच्या दारापर्यंत शिकिवलं. फुडचं कोनी शिकिवलंच न्हाय. ते सायबाला सांगायचं हाय मना. त्यानं लिवलं तर दुसऱ्या बाईचा नवरा तरी सुटंल."

तीन वर्षं उपक्रम माझा, वर्ग माझे, आणि मला हे त्या दिवशी कळत होतं.

दोन तासांनी सर आले. केस ओले, चेहरा तजेलदार. जानीने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, एकही शब्द न चुकवता. ते मोबाइलवर उन्हाची तिरीप चुकवत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "छान. म्हणजे प्रशिक्षण आठवतंय. एक ते पाचमध्ये सांगा."

"पाच म्हनलं तर किसन सुटंल?"

"तसा संबंध नसतो बाई."

"मंग तुमाला पायजेल ते लिवा," जानी म्हणाली आणि उठून गेली. सरांनी पाच लिहिले.

परतताना मी गाडीत त्यांच्याशी भांडले. म्हटलं, आपल्या अभ्यासक्रमातलं सगळ्यात मोठं भोक या बाईने दाखवलंय, ते अहवालात आलंच पाहिजे. "टिपण पाठवा, परिशिष्टात घालू," सर म्हणाले. टिपण मी दुसऱ्या दिवशी कोर्टात बसून लिहिलं आणि पाठवलं, पण त्याआधी किसनचा अर्ज केला. अर्ज एका पानाचा. जामीनदार देण्याची ऐपत नाही, तरी जातमुचलक्यावर, म्हणजे 'मी तारखेला हजर राहीन' अशा स्वतःच्याच लेखी हमीवर सोडावं. आठवड्याभरात किसन बाहेर आला. एका पानासाठी तो चार महिने आत होता.

महिन्याने कॉलेजच्या सभागृहात अहवाल सादर झाला. मोठी माणसं पुढच्या रांगेत, जानी आणि किसन शेवटच्या. पडद्यावर जानीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'पूर्ण समाधानी. उपक्रमाच्या प्रभावामुळे पतीची मुक्तता.' चार महिन्यांचा उल्लेख नव्हता. माझ्या टिपणाचाही नव्हता. टाळ्या वाजल्या. मी व्यासपीठावर होते, माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मदत आणखी एका वर्षाने वाढवल्याचं त्याच वेळी जाहीर झालं. जानीने शेवटच्या रांगेतून माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या.

सबनीस सरांचा मला जो तिटकारा आहे, त्यातला निम्मा त्या टाळ्यांचा आहे. ते हसतमुखाने खोटं लिहीत होते आणि त्यांच्यासारख्यांचं चालतं ते माझ्यासारख्यांच्या जिवावर, हे मला तिथे बसल्याबसल्या कळलं होतं. तरी हात थांबले नाहीत.

बाहेर पायरीवर जानी उभी होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. त्यो कागद कसा लिवायचा ते शिकीव मना."

तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तिने अर्ज पाठ केला. पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्या अभ्यासक्रमात एक नवा वर्ग सुरू झाला, जामीन झाल्यानंतर काय करायचं याचा. तो जानी घ्यायची. कायद्याची मुलं वही उघडून तिच्यासमोर बसायची.

मदतीचं वाढीव वर्ष संपताना सबनीस सर पुन्हा तपासायला आले. जानीचा वर्ग चालू होता. ते दारात थांबले, दोन मिनिटं ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "मॅडम, ही शिकवते? हिची पात्रता काय?"

"हिचा नवरा जामीन झाल्यावर चार महिने तुरुंगात होता," मी म्हटलं. "तो का होता ते हिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही आंघोळ करून आला होतात आणि ऐकलं नाहीत. अहवालात खोटं लिहिलंत. मी ते ऐकून टाळ्या वाजवल्या. आता तुमची पात्रता सांगा."

मुलं वहीतून मान वर काढून बघत होती. सरांचा तो रेडिओचा आवाज एकदम बारीक झाला. "भावना बाजूला ठेवा," ते म्हणाले. त्यांनी टॅब पिशवीत घातला आणि जिना उतरले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. संस्थेची मदत त्या वर्षी बंद झाली. परवा कुणीतरी सांगितलं की ते आता दुसऱ्या जिल्ह्यात शेतीच्या योजना तपासतात. असतील.

त्या दिवशी जिन्यावरचा पायांचा आवाज थांबला. जानी म्हणाली, "सायब रागावलं?"

"हो."

"मंग वर्ग बंद?"

"मदत बंद होईल बहुतेक. वर्ग नाही."

"बरं," जानी म्हणाली. पदर खोचला आणि मुलांकडे वळली. "लिवा. जातमुचलका. ज ला काना हाय."