शाकाहारी भाडेकरू पाहिजेत

गेल्या रविवारची गोष्ट. अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहून टाकतेय…

सुट्टीवर आलेय, शिरूरला माहेरी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरावर नवीन खोली काढलीय, किचन-बाथरूमसकट, भाड्याने द्यायला. ती बघायला दौंडहून एक मुलगी आणि तिचे वडील आले होते.

मुलगी बँकेत, इथल्या ब्रँचला नुकतीच बदली झालेली. रोज दौंडहून एसटीने ये-जा करून बेजार झाली होती. वडील रेल्वेतून रिटायर. बँकेतल्या कुणीतरी आमचा पत्ता दिला म्हणून आले होते.

आबा वडगाव रासाईला शेतावर गेलेले, आई आत चहा ठेवत होती. मग खोली दाखवायला आणि गप्पा मारायला मीच. आणि मी बोलायला लागले की विषय एकच… जर्मनी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती स्टोरी पाठ असेल. तिकडे घर शोधताना माझं नाव बघून कुणी उत्तरच देत नव्हतं. तोच अर्ज ऑफिसमधल्या जर्मन मैत्रिणीने तिच्या नावाने पाठवला, तर तासाभरात फोन! मी तक्रार केली, भांडले, एजन्सीकडून लेखी माफी घेतली. ते पत्र इथे टाकलं तेव्हा तुम्ही धडाधड लाईक दिले होते…

तर हे सगळं त्या दोघांना तिखटमीठ लावून ऐकवलं. नावावरून माणसाला घर नाकारणं म्हणजे किती हलकटपणा, वगैरे वगैरे. मुलगी कान देऊन ऐकत होती. वडील एवढंच म्हणाले, "तुमी गप बसला न्हाई, हे चांगलं केलं."

आई चहा घेऊन आली. खोली त्यांना पसंत होती, सोमवारीच सामान आणतो म्हणत होते. आईने गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. हे बौद्ध आहेत हे आईच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा बदललेला मला दिसला.

"आमाला शाकाहारी माणसं पायजेत," आई म्हणाली. "आमच्या घरात ते चालत न्हाई."

आता ऐका. रविवार होता. आत कुकरमध्ये मटण शिजत होतं, काळ्या मसाल्याचा वास पार गेटपर्यंत गेला होता. आलं-लसूण मीच वाटून दिलेलं, माझ्या हातांना अजून वास येत होता…

मग मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"वास झकास सुटलाय, वहिनी. आमच्याकडं पन आज तेच हाय."

आवाजात राग नव्हता. दोघं उठले आणि गेले. मी त्यांना थांबवलंसुद्धा नाही.

गेट लागलं आणि मी आईवर तुटून पडले. काय काय बोलले ते आता आठवायलाही नको वाटतं. लाज वाटते तुझी, असंही म्हणाले. आईने सगळं ऐकून घेतलं. मग आतून मोबाईल आणला, व्हॉट्सॲप उघडून माझ्यासमोर धरला.

'खोली भाड्याने देणे आहे. फक्त शाकाहारी, सुसंस्कृत कुटुंबास.' ग्रुपवर टाकायला आईला पाठवलेला मेसेज. पाठवणारी मी…

"तूच लिहून दिलंस," आई म्हणाली. "मला कुठं असलं लिहाया येतंय?"

तारीख बघितली. ज्या आठवड्यात मला ते माफीपत्र आलं, त्याच आठवड्यातला मेसेज.

सगळ्यात वाईट म्हणजे मला सगळं आठवलं. आपण तर दर रविवारी मटण खातो, मग शाकाहारी कशाला, असं मी तेव्हा फोनवर विचारलं होतं. आई म्हणाली होती, तसं लिहिलं की नको ती माणसं येत नाहीत. नको ती म्हणजे कोण, हे मला कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं. मी हसले आणि टाइप केलं… ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, दोन मिनिटांत.

चपला अडकवल्या आणि एसटी स्टँड गाठला. दौंडची गाडी लागायची होती, दोघं बाकावर बसलेले दिसले.

माफी मागितली. जाहिरात मीच लिहिलीय हेही सांगितलं. खोली तुमचीच, परत चला, आबांशी मी बोलते… असं बरंच काहीतरी एका दमात बोलले.

मुलीने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि काकू?"

आईला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ताई, तुम्ही पंधरा दिवसांनी परत जाल," ती म्हणाली. "त्या घरात राहायचं मला आहे. जिन्यात, नळावर, सणावाराला… रोज."

गाडी लागली. वडिलांनी हात जोडून निरोप घेतला. ती माझ्याकडे एकदा बघून गाडीत चढली.

जाहिरात मी काढून टाकायला लावलीय. आबांनाही सगळं सांगितलं. आईचं आणि माझं अजून धड बोलणं नाही. खोली रिकामीच आहे, आणि ती मुलगी आजही दौंडहून एसटीनेच आली असेल.

"असू द्या ताई, एवढं काय त्यात" असं ती म्हणाली असती, तर मी हलक्या मनाने परत गेले असते. कदाचित इथे स्वतःचीच पाठ थोपटून घेणारी पोस्टही लिहिली असती… ती तसं म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची मनापासून आभारी आहे.