कोरडा हात, ओला हात

सरांनी माझा हात मनगटाला धरून वर उचलला आणि सगळ्या वर्गाला दाखवला. उलटा करून, सुलटा करून. बाजारात बैल दाखवतात तसा.

"हा बघा, हिचा रेझिस्टन्स."

बारावीचा वर्ग. फिजिक्सचं प्रॅक्टिकल. आधी सरांनी तांदूळ गिरणीवाल्यांच्या पोरीच्या दोन्ही हातांत वायरचे चिमटे दिले होते. ती नुकतीच हात धुऊन आली होती. सहा व्होल्ट दिले, मीटरवर सहाशे मायक्रोअँपियर आले. व्होल्टला करंटने भागायचं. दहा हजार ओहम. मग शेवटच्या बाकावरून मला बोलावलं. तेच सहा व्होल्ट. मीटरवर जेमतेम साठ. एक लाख ओहम.

"दहापट," सर म्हणाले. "यांची कातडीच जाड असते. करंट लागत नाही यांना. हिच्या बापाला विचारा."

वर्ग हसला. मी पण हसले. काय करणार? हात अजून त्यांच्या मुठीत होता.

"यांची" म्हणजे कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर तलावाच्या पाळीखाली आमची टोली, आमच्या जातीची वेगळी वस्ती. आणि बापाचं नाव निघालं कारण सरांची धानाची जमीन बाबा बटईने, अर्ध्या वाट्याने करायचा. चालू वायर हातात धरणारा माणूस म्हणून गावात बाबाची ख्याती होती. उन्हाळ्यात शेताच्या कोरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भेगाळलेल्या टाचांवर उभा राहून तो वायर जोडायचा आणि छाती फुगवून सांगायचा, "मले नाही लागत." मलाही ते खरंच वाटायचं.

प्रॅक्टिकल संपलं की टेबलं पुसायची ती टोलीतल्या पोरींनी. असा नियम कुठे नव्हता, पण दुसरं कोणी फडक्याला हात लावत नसे. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी फडकं पिळलं आणि तशाच ओल्या हातांनी चिमटे उचलले. बॅटरी काढायची राहिली होती. मीटरवर आकडा आला, बाराशे.

मी चिमटे खाली ठेवले. परत उचलले. बाराशेच. सहा व्होल्ट भागिले बाराशे मायक्रोअँपियर. पाच हजार ओहम. गिरणीवाल्या पोरीच्या निम्मे. मी तीच, माझी कातडी तीच. फक्त ओली.

मग मी कोणी न दिलेलं गणित केलं. लाइनीचे दोनशे तीस व्होल्ट, भागिले पाच हजार. सेहेचाळीस मिलिअँपियर. एवढ्यात हात वायरला चिकटतो, सुटत नाही, छाती आवळते. व्होल्ट गुणिले करंट म्हणजे पॉवर. साडेदहा वॅट. आमच्या स्वयंपाकाच्या खोलीतला बल्ब नऊ वॅटचा आहे. माणूस मारायला एवढीच वीज पुरते. मला धानाची रोपं लावताना, रोवणीतला बाबा दिसला, गुडघाभर चिखलात.  टेबल अर्धवट टाकून मी घरी पळाले.

बाबाला सांगितलं. तो हसला. "पुस्तकात लिवलं असंल. मले नाही लागत."

त्याच आठवड्यात रोवणीच्या ऐन भरात सरांच्या शेतातली पाण्याची मोटार बंद पडली. केबलचा जोड बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या पाण्यात पडलेला, वरून प्लास्टिकची पन्नी गुंडाळलेली. स्टार्टरची आणि मेन स्विचची पेटी बांधीच्या पलीकडे. पेटीला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. बटईदाराने मनाला येईल तेव्हा मोटार चालवू नये म्हणून. लाइन आली की ती आपोआप सुरू व्हायची. बंद करायची सोय आमच्या हातात नव्हती.

सर धुऱ्यावर उभे होते. पायात नवे बूट.

"सुखदेव, उतर. जोड बसव," ते बाबाला म्हणाले.

"पयले मेन बंद करा," मी म्हणाले.

"काऊन? बूट भरवू चिखलात? लाइन जाऊन राहिली तासाभरात. त्याले नाही लागत."

"मंग किल्ली द्या. मी जाते."

"किल्ली मी कोणाले देत नाही."

बाबा धोतर खोचून निघालाच होता. मी त्याचा दंड धरला. त्याने झटका दिला, मी सोडला नाही. "सोड! मालकासमोर नखरे करून राहिली," म्हणत त्याने रोवणाऱ्या सगळ्या बायांसमोर माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली. तरी दंड सोडला नाही. तसंच धरून मी सरांकडे बघितलं.

"सर, वर्गात माझा हात दाखवला ना? आता तुमचा घाला पाण्यात. माझा बाप नाही उतरत."

वाकलेल्या बाया हातात परे, धानाची रोपं, घेऊन उभ्या राहिल्या.  सरांनी गाडीला किक मारली आणि निघून गेले.

धान कापून झालं आणि त्यांनी जमीन काढून घेतली. प्रॅक्टिकलमध्ये मला काठावर पास केलं. बाबा आता गिरणीत पोती उचलतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मधूनच म्हणतो, "मले नसतं लागलं." मला त्याचा फार राग येतो. तो जिवंत आहे म्हणून येतो.

जमीन आता टोलीतल्याच तुळशीरामकाकाकडे आहे. उद्या त्याची रोवणी लागते. पाण्यातला जोड तोच, पन्नी तीच, किल्ली सरांच्याच खिशात. जोड सुटला की काका तसाच पाण्यात उतरणार. काल मी काकाला सगळं गणित समजावून सांगितलं. तो विडी विझवत म्हणाला, "कायले भेतं, पोरी? आपली कातडी जाड आहे."

आपली. सर वर्गात जे बोलले तेच हा अंगणात बसून, अभिमानाने बोलला. रात्रभर मला झोप आली नाही.

उद्या मी त्या धुऱ्यावर असेन. बाबा मारो, काका शिव्या देवो. किल्ली मागेन, एकदाच. नाही दिली तर पेटीचं कुलूप फोडून मेन बंद करेन. आज दुपारी जाऊन पेटीजवळ दगड ठेवून आले आहे.