दोन्ही मनगटं

माझ्या एक्स-रेच्या खोलीला शिशाचे पत्रे ठोकलेले आहेत, त्यामुळे किरण बाहेर पडत नाहीत. पण मी जिथे बसतो ती मागची चिंचोळी जागा आणि ताईंची ईसीजीची खोली यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड आहे. बावीस वर्षं मी त्या प्लायवूडमधून ताईंचं एकच वाक्य दिवसातून तीस वेळा ऐकलं. "हात सैल सोडा, जरा गार लागेल, घाबरू नका." तेव्हा या बाईबद्दल लिहायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मला रागच आला असता.

ताई अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. ही गोष्ट घडली तेव्हा निवृत्तीला वर्षच उरलं होतं. कानामागे कायम एक लाल पेन्सिल. ईसीजीच्या प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला यंत्र एक चौकोनी खूण काढतं. ती दहा बारीक घरं उंच असली की यंत्र पूर्ण मापावर आहे असं समजायचं. पाचच घरं भरली तर कुणीतरी बटण अर्ध्यावर ठेवलंय, आणि मग हृदयाचे ठोके कागदावर निम्म्याच उंचीचे उमटतात. ताई प्रत्येक पट्टीवर ती घरं मोजायच्या आणि खुणेवर लाल ठिपका द्यायच्या. दिवसातून तीस वेळा. मी एकदा म्हणालो होतो, "ताई, यंत्र तेच, बटण तेच, काय सारखं मोजत बसता?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

कारण मला नंतर कळलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी अख्खा दिवस बटण अर्ध्यावर ठेवून एकोणीस जणांच्या पट्ट्या काढल्या होत्या. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना एकोणीस घरी पाठवलं, माफी मागून माणसं परत आणायला. एका आजोबांनी दारातच विचारलं, "माझं हृदय अर्धंच आहे, हे सांगायला आलात का?" तेव्हापासून जुनी मंडळी त्यांना पाठीमागे 'हाफ मॅडम' म्हणतात. मीही म्हणायचो.

तर एका सकाळी टायपिंगचे सर आले. गावातल्या निम्म्या कारकुनांना ज्यांनी टाइपरायटर शिकवला, ते सर. आता पंच्याहत्तरीचे, पायांना सूज, चार पावलं चालले की धाप. सोबत त्यांच्या पत्नी, हातात फाइल. महिन्यापूर्वी वर हृदयाच्या डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली होती आणि त्यात हृदयाच्या भिंती जाड दिसल्या होत्या. डॉक्टर हुशार, पण हातात सदा घाई. जुन्या ब्लडप्रेशरमुळे हृदय जाड झालंय, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि गोळ्या वाढवल्या. त्या गोळ्यांनी सरांना उठलं की चक्कर यायला लागली. दोनदा ते न्हाणीघरात पडले.

ताईंनी पट्टी काढली. ठोके अगदी बुटके. खूण मोजली, दहा घरं. लाल ठिपका दिला, पट्टी वर पाठवली. अर्ध्या तासात ती परत आली. कोपऱ्यात डॉक्टरांचं अक्षर: 'अर्ध्या मापावर काढलाय. पुन्हा काढा.'

ताईंनी पुन्हा काढली. पुन्हा तसेच बुटके ठोके, पुन्हा दहा घरं, पुन्हा ठिपका. पट्टी पुन्हा परत. या वेळी वरची नर्स स्वतः खाली आली आणि हसत म्हणाली, "ताई, जुनी सवय परत आली वाटतं." मी भिंतीअलीकडे फिस्सकन हसलो. ते हसू माझ्या घशात अजून अडकलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

सर मात्र हसले नाहीत. ते खाटेवर उठून बसले आणि पत्नीला म्हणाले, "चल घरी. आता पुन्हा नाही यायचं. वय झालं, एवढंच आहे ते. उगीच वर-खाली किती करायचं?"

"सर, पाच मिनिटं," ताई म्हणाल्या. "एकदाच. मग मी अडवणार नाही."

त्यांनी पुन्हा हाताला चिमटे लावायला घेतले. आता हे लक्षात घ्या, की आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर छाती ऐकतात, नर्स दंड धरते, मी हाडं पाहतो. माणसाची दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात घेणारी ताई ही एकटीच. उजव्या तळहाताच्या मुळाशी त्यांना एक बारीक पांढरी रेघ दिसली. डाव्या हातावरही तशीच. अंगठ्याखालचं मांस पार उतरलेलं.

"दोन्ही हातांचं ऑपरेशन?"

"दहा वर्षं झाली. आधी मुंग्या यायच्या, मग बोटं बधिर झाली. चाळीस वर्षं टायपिंग केलं, दुसरं काय होणार? वर्ग बंद करावा लागला."

"मला माहीत आहे वर्ग," ताई म्हणाल्या. "मी तिसऱ्या ओळीत बसायची. तीन वेळा नापास केलंत तुम्ही मला."

सरांनी चष्मा वर केला. "लाल पेन्सिल," ते म्हणाले. "तू माझी लाल पेन्सिल पळवली होतीस."

"परत आणली नाही एवढंच."

सर वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याचा कागद उजेडात धरायचे आणि एक अक्षर चुकलं तरी लाल गोल करून म्हणायचे, पुन्हा. निर्दोष कागदाला मात्र शेवटी एक लाल ठिपका मिळायचा. ताईंचा ठिपका कुठून आला, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांना पडून राहायला सांगून त्या माझ्याकडे आल्या. दोन्ही पट्ट्या माझ्या टेबलावर टाकल्या.

"भाऊ, मला सांग. हृदयाची भिंत स्नायूने जाड झाली असेल तर जोर वाढणार. पट्टीवर डोंगर उभे राहायला हवेत. हो की नाही?"

"हो."

"मग इथे टेकाडंसुद्धा का नाहीत?"

"यंत्र—"

"यंत्राचं नाव काढू नकोस. चल."

त्या स्वतः दुसऱ्या खाटेवर आडव्या झाल्या आणि हात पुढे केले. "लाव चिमटे. हातापायाचे चारच. बटणाला हात लावायचा नाही." मी आयुष्यात पहिल्यांदा ईसीजी काढला, आणि कागदावर ताईंचे ठोके कसे ताठ, छान उंच उमटले. तेच यंत्र, तेच बटण, तीच दहा घरं. मग त्यांनी अपघात विभागातलं यंत्र ढकलत आणवलं आणि त्यावर सरांची पट्टी काढली. पुन्हा बुटकीच.

चार पट्ट्या आणि इकोचा कागद घेऊन ताई जिना चढल्या. मी माझे तीन पेशंट ताटकळत ठेवून मागे गेलो. असं मी एरवी करत नाही.

ओपीडी तुडुंब भरलेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "ताई, मी लिहिलंय ना?"

"वाचलं. म्हणूनच आले." त्यांनी पट्ट्या ओळीने टेबलावर मांडल्या. "ही सरांची. ही पुन्हा सरांची. ही दुसऱ्या यंत्रावर. आणि ही माझी, सरांच्याच यंत्रावर. खुणा मोजा."

"माझ्याकडे बाहेर चाळीस माणसं आहेत."

"दहा घरं मोजायला कितीसा वेळ लागतो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पेन टेकवून मोजलं. एक पट्टी, दुसरी, तिसरी, चौथी.

"भिंत जाड आहे असं इको सांगतोय," ताई म्हणाल्या. "ती स्नायूने जाड नाही असं पट्टी सांगतेय. काय भरलंय ते मला माहीत नाही, ते तुमचं काम. पण सरांच्या दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि ते कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही."

डॉक्टरांचा चेहरा बदलताना मी डोळ्यांनी पाहिला. ते उठले, चाळीस माणसांना तसंच बसवून खाली आले आणि सरांचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी मनगटं पाहिली नव्हती, सर. चूक माझी." मला तो माणूस त्या क्षणापासून आवडायला लागला.

पुढचे पंधरा दिवस तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, आणि मोठ्या हॉस्पिटलात हाडांसाठी वापरतात ते औषध टोचून केलेला स्कॅन. त्यात हाडांऐवजी सरांचं हृदयच उजळून निघालं. निदान पक्कं झालं.

डॉक्टरांनी ते सरांना ईसीजीच्याच खोलीत बसून समजावलं. मी प्लायवूडला कान लावण्याऐवजी सरळ दारात जाऊन उभा राहिलो.

"आपल्या पेशी प्रथिनं बनवतात," डॉक्टर म्हणाले. "बनतं तेव्हा प्रथिन नुसता लांब दोरा असतं. त्याला ठरलेल्या घड्या पडल्या तरच ते कामाचं. घड्या नीट पडाव्यात म्हणून पेशीत मदतनीस असतात आणि पुढे तपासनीसही. घडी चुकली की ते प्रथिन अडवून ठेवतात, पुन्हा प्रयत्न करू देतात. नाहीच जमलं तर मोडून त्याचे तुकडे पुन्हा वापरात आणतात."

"आमच्या वर्गासारखंच," सर म्हणाले.

"अगदी. तुमच्या यकृतात एक प्रथिन बनतं, रक्तातून थायरॉइडचा रस आणि अ जीवनसत्त्व वाहून नेणारं. चार सारखे तुकडे एकमेकांना धरून बसतात, तेव्हा ते पूर्ण होतं. तपासणीत ते पास झालं, बाहेर पडलं. पण बाहेर आल्यावर काही जणांत, वय वाढलं की, ती चौकडी सुटते. सुटलेल्या तुकड्याची घडी उलगडते आणि असे तुकडे एकमेकांना चिकटून धागे होतात. ते कुठेतरी साठतात. आधी मनगटातल्या आडव्या पट्ट्यात, तिथे नस दबते, म्हणून मुंग्या. मग हृदयाच्या भिंतीत. भिंत जाड दिसते, पण तो स्नायू नव्हे. म्हणून पट्टी बुटकी."

"माल पास होऊन निघाला आणि रस्त्यात सुटला," सर म्हणाले.

"बरोबर."

माझी आई शेवटची सहा वर्षं मला ओळखत नव्हती. मी दारातूनच विचारलं, "डॉक्टर, विसरायच्या आजारातही असंच काही असतं का?" ते म्हणाले, "प्रथिनं वेगळी, जागा वेगळी, पण अशा गुठळ्या तिथेही सापडतात. वयाबरोबर शरीराची तपासणी ढिली पडते, हे त्यातलं एक कारण." मला आईची फार आठवण आली. कुणाची चूक नव्हती, एवढं ऐकलं तरी बरं वाटतं.

तेच सरांचंही झालं. ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत होते. "म्हणजे," त्यांनी विचारलं, "टायपिंगमुळे नाही?"

"यात टायपिंगचा दोष धरू नका, सर. हे आतून आलेलं आहे."

सरांच्या पत्नीने तोंडाला पदर लावला. दहा वर्षं त्या माणसाने आपल्याच धंद्याला दोष दिला होता. हजारो मुलांना आपण हाच रोग शिकवला, या विचाराने जुन्या विद्यार्थ्यांना रस्त्यात टाळत होता. सर रडले, आणि रडून झाल्यावर ताठ बसले.

चक्कर आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्या, अंगातलं पाणी उतरवलं गेलं. सरांच्या मुलांचीही तपासणी झाली, कारण हा दोष कधी कधी वारशाने येतो. सरांच्या घरात तो नव्हता. आणि एक नवी गोळी सुरू झाली, तिच्यासाठी डॉक्टरांनी चार पानी अर्ज स्वतः लिहिला. ती गोळी त्या चार तुकड्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसते आणि त्यांना सुटू देत नाही. साठलेलं ती काढत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण नव्याने साठायचं मंदावतं.

गोळी सुरू करताना आमच्या लांब व्हरांड्यात चालण्याची चाचणी घेतली, तेव्हा सहा मिनिटांत सर दोनशे दहा मीटर चालले होते, दोनदा भिंत धरून. दहा महिन्यांनी त्याच व्हरांड्यात ते तीनशेच्या पुढे गेले आणि भिंतीला शिवले नाहीत. शेवटच्या फेरीला सगळा तळमजला बाहेर येऊन उभा होता. वरची ती नर्सही. मी टाळ्या वाजवल्या, त्या ताईंसाठीही होत्या, आणि हसण्याची थोडी भरपाई म्हणूनही.

त्या वर्षात ताईंनी आणखी तीन माणसं अशीच शोधली. एक गवंडी, एक शिक्षिका, एक बसचालक. तिघांच्याही मनगटांवर रेघा होत्या. मग डॉक्टरांनीच ठरवलं की ईसीजीच्या छापील कागदावर एक नवी ओळ हवी, आणि ती ताईंनी निवृत्तीआधी स्वतः टाइप करावी.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी ताई कार्यालयातल्या संगणकासमोर बसल्या. सर तपासणीसाठी आले होते, ते जिना चढून थेट मागे येऊन उभे राहिले. ताईंनी टाइप केलं, कागद काढला. सरांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला. दोन शब्दांत जागा सुटली नव्हती.

"पुन्हा," सर म्हणाले.

दुसऱ्यांदा एक काना राहिला. "पुन्हा." आम्ही सगळे भोवती उभे, आणि सत्तावन्न वर्षांची ती बाई तिसऱ्या ओळीतल्या मुलीसारखी लाल झालेली.

तिसरा कागद सरांनी फार वेळ पाहिला. 'दोन्ही मनगटं पाहिली: होय / नाही.' त्यांनी हात पुढे केला. ताईंनी कानामागची लाल पेन्सिल काढून त्यांना दिली. बधिर बोटांनी ती घट्ट धरून सरांनी ओळीच्या शेवटी एक ठिपका दिला.

"पाठव," ते म्हणाले.