हिरव्या देठाची रोपं

सखूअक्का गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. धुळ्याच्या सरकारी बागेतल्या जुन्या माळ्याचं कार्ड जळगावला आलं. त्यात बदल्यांच्या बातम्यांखाली एकच ओळ होती, रोपवाटिकेतली सखूअक्का वारली. मी कार्ड हातात धरून ओट्यावर बसून राहिलो...

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी त्या बागेत नवा मदतनीस होतो. टमाट्याचं काम माझ्याकडे होतं. बाहेरून आणलेल्या झाडाला मोठं फळ लागे, पण झाड उन्हाळ्यात मान टाकी. इकडच्याचं फळ बोराएवढं, पण झाड तग धरी. दोन्हींचा संकर करायचा होता. मोठ्या फळाच्या झाडाचा देठ हिरवा, इकडच्याचा जांभळा. हिरव्याच्या कळ्या उमलायच्या आत त्यांतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि जांभळ्याचा पराग लावायचा. संकर साधला, तर बियांतून येणारं प्रत्येक रोप जांभळ्या देठाचं. हिरवं आलं, तर ते आईच्याच परागाचं, कामाचं नाही. फळाची वाट न बघता एवढ्याशा रोपावरच हे कळायचं. अक्का तिथं मजुरीला होती, पन्नाशीची विधवा. तिला हे मी एकदाच समजावलं होतं.

त्या वर्षी मी मुलगी पाहायला भुसावळला गेलो आणि दोन दिवस जास्त राहिलो. परत आलो तोवर कळ्या उमलल्या होत्या. मी तशीच घाईने परागाची कामं उरकली आणि कुणाला काही बोललो नाही. पुढे रोपं उगवली. बागेचे साहेब बघायला येणार त्या सकाळी गेलो, तर वाफा जवळजवळ मोकळा. अक्का ओल्या मातीत गुडघे टेकून बसलेली, शेजारी उपटलेल्या रोपांचा ढीग.

"अक्का, हे काय केलं तुम्ही?"

"हिरवं व्हतं भाऊ. ते आपलं नई शे."

भरल्या वाफ्याने माझी चूक निदान त्या दिवसापुरती झाकली असती, असं मला वाटत होतं. मी चारचौघांत तिला अडाणी म्हणालो, आणखीही नको ते बोललो. ती उरलेल्या अकरा रोपांना पाणी घालू लागली. तेवढ्यात साहेब आले. वाकून एकेक देठ बघितला आणि म्हणाले, इतकी कडक निवड कोणी केली?

"मी," मी म्हणालो.

अक्का हातात झारी घेऊन तिथेच उभी होती. तिने ऐकलं. त्या अकरा रोपांतूनच पुढे उन्हाळ्यात टिकणारं टमाटं निघालं आणि मला जळगावची बढती मिळाली. निघताना तिची माफी मागायची ठरवलं होतं, पण गाडीची वेळ झाली, लोक जमले... राहून गेलं.

कार्ड आल्यावर मी तिच्या गावी गेलो. सुनेने पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कोण? मी बागेचं नाव सांगितलं.

"आत्या तठे निंदणीले जायेत," ती म्हणाली. "इतलंच माहीत शे माले."

म्हणजे बागेत तण काढायला जाते, यापलीकडे अक्काने घरातही काही सांगितलं नव्हतं. मी ओसरीवर बसलो आणि त्या सकाळपासून सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. सून हातातलं काम ठेवून ऐकत होती. मग ती आत गेली आणि खुंटीवरचं अक्काचं लुगडं आणून तिने माझ्यासमोर ठेवलं. गुडघ्यांच्या जागी ते ओल्या मातीने कायमचं काळवंडलं होतं.