कोशात सापडलेला सांबार

आता अकोल्यात बसल्याबसल्या मोबाइलवर हवा तो शब्द सापडतो. सोय झाली, पण मला तिचं फारसं कौतुक नाही. दर्यापूरच्या शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी अमरावतीची एसटी पकडायची आणि तिथल्या वाचनालयात लांब टेबलाशी बसून आठवड्याच्या धड्यांचं टाचण काढायची. ग्रंथपाल काका जाडजूड शब्दकोश आधीच काढून ठेवत आणि विचारत, "आज कोनतं अक्षर, बाई?" त्या दुपारींची फार आठवण येते.

कोशातून उतरवलेलं टाचण हातात असलं की मला जरा शिंगंच फुटत. सहावीतल्या एका मुलीने 'माझी आई' या निबंधात लिहिलं, आई बाजारात सांबार विकते. मी लाल रेघ मारून वर 'कोथिंबीर' लिहिलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण मी ते वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "सांबार इडलीसोबत खातात!" वर्ग खो खो हसला. आदल्याच संध्याकाळी तिच्याच आईकडून मी सांबाराची जुडी घेतली होती, सांबार म्हणूनच मागून. आमच्या घरी दुसरा शब्द कधी नव्हताच. पण लाल पेन हातात आला की आम्हा वऱ्हाडी मास्तरांना पुण्याचं वारं लागतं.

धडा वाचायला सगळ्यांआधी उभी राहणारी ती मुलगी त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. आठवडाभराने तिच्या आईने बाजारात मला थांबवलं. "काय झालं जी बाई? पोरगी शाळेत जात नाई म्हनते." काय झालं ते मला ठाऊक होतं, पण "बघते मी" एवढंच म्हणून पुढे निघाले.

त्या शनिवारी टाचण बाजूला ठेवलं आणि 'स' धरून बसले. दोन कोशांत काही नाही. शेवटी काकांनी स्टुलावर चढून कपाटावरचा एक जुना कोश काढला, धूळ झटकली. त्यात होता! सांबार, वऱ्हाडात कोथिंबीर. आनंदाच्या भरात मी त्या पानाची झेरॉक्सच काढून आणली.

सोमवारी आईने तिला बळेच धाडलं होतं. सगळ्या वर्गासमोर मी ते पान वाचलं आणि सांगितलं, शब्द बरोबर आहे, चूक माझी होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं.

"आन या पुस्तकात नसता भेटला त, बाई? मंग तुमी माह्या आईले चुकीचंच म्हटलं असतं का?"

खरं उत्तर 'हो' असं होतं. तिच्याकडे बघून ते मला देता आलं नाही, याची लाज आजही वाटते.